साठाच्या पुढचा वारा

शिराळा तालुक्यात वाऱ्याकडे पाहण्याच्या दोन रीती शेजारीशेजारी नांदतात. गुढे-पाचगणीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांच्या पात्याचा बाक कुठे किती आणि कड किती पातळ, यावर तिथला सगळा हिशेब ठरतो. खाली गावागावांत शर्यतीची छकडी घडवणारा सुतार मात्र वाऱ्याचा विचारही करत नाही. तो लाकूड तासतो, आणखी तासतो, चाके हलकी करतो, कणा नीट बसवतो. दोघांचेही बरोबर आहे. बैलजोडीच्या वेगाला वजन आणि घर्षण हेच खरे वैरी. वेग वाढत गेला की वारा त्या दोघांना मागे टाकतो. लहान इंजिनाच्या जुन्या शर्यती मोटारीची अडचण अशी की ती या दोन जगांच्या शिवेवर धावते. म्हणून तिच्यावर हात फिरवणारे लोक तिला एकतर छकडीसारखी वागवतात, म्हणजे वजन आणि इंजिन एवढेच पाहतात, किंवा टीव्हीवर दिसणाऱ्या फॉर्म्युला वनच्या गाडीसारखी, म्हणजे मागे एक विंग बसवून मोकळे होतात. माझ्या मते दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. अशा गाडीत पहिले काम वाऱ्याची वाट मोकळी करून देण्याचे आहे. वाऱ्याकडून गाडीवर दाब मिळवण्याचा विचार फार नंतरचा, आणि पुष्कळदा तो लागतही नाही.

‘लहान जुनी शर्यती मोटार’ म्हटले की परदेशातल्या लाल-हिरव्या गाड्या डोळ्यांपुढे येतात, पण आपल्याकडे या नावाला सर्वांत जवळची गाडी म्हणजे फियाट ११००, जिला १९७०च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर आणि मद्रासजवळ शोलावरमला शर्यती होत, तेव्हा स्टँडर्ड हेरल्डच्या जोडीने हीच गाडी तिथे पळे. ती कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई आणि तो कारखाना होता वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा. सोलापुरात जन्मलेल्या याच माणसाने त्याआधी चार वर्षे, १९४० मध्ये, बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टची मुहूर्तमेढ रोवली होती. सांगलीत १९४७ साली सुरू झालेल्या न्यू इंजिनिअरिंग कॉलेजला १९५५ मध्ये वालचंदांचे नाव मिळाले, त्यामुळे या भागात ते नाव अभियांत्रिकीशी कायमचे जोडले गेले आहे. विमान आणि मोटार या दोन्ही गोष्टी एकाच उद्योजकाने हाती घेतल्या, पण विमानाच्या कारखान्यातली हवेची विद्या मोटारीच्या पत्र्यापर्यंत आली नाही. ती युरोपात आली, आणि तिथे लहान गाड्यांचे काय झाले ते पुढे पाहू. आधी पद्मिनीचाच हिशेब मांडू या.

पद्मिनीची रुंदी आणि उंची दोन्ही सुमारे दीड मीटर. समोरून पाहिले तर ती पावणेदोन चौरस मीटर हवा अडवते. तिच्या काळातल्या उभट, कोपरे असलेल्या गाड्यांचा अवरोध गुणांक ०.४५ च्या आसपास धरायला हरकत नाही. आजच्या चांगल्या सेडानचा तो ०.३० च्या खाली असतो. वजन सुमारे नऊशे किलो, इंजिन १०८९ सीसीचे, ताकद चाळीस-बेचाळीस अश्वशक्ती. आता ताशी ५० किलोमीटरला हवा बाजूला सारायला तिला जेमतेम पावणेदोन अश्वशक्ती लागते. वेग दुप्पट करून १०० वर नेला की हाच आकडा साडेतेरावर जातो, कारण हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद घनाने. ताशी १२५ ला, म्हणजे तिच्या जवळजवळ कमाल वेगाला, सव्वीसेक अश्वशक्ती एकट्या हवेत जाते. टायरचे घर्षण मात्र वेगाबरोबर फारसे बदलत नाही. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवले तर साधारण ताशी ६० किलोमीटरला ते सारखे होतात. साठाच्या आत गाडी जमिनीशी भांडते, साठाच्या पुढे वाऱ्याशी. आणि शर्यतीत, दोन-तीन आवळ वळणे सोडली तर, गाडी साठाच्या पुढेच असते.

इंजिनवाले मिस्त्री इथे म्हणतील की एवढी उठाठेव कशाला, इंजिनातूनच चार अश्वशक्ती जास्त काढून देतो. ते काढून देतातही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि सांगली-मिरजेच्या गॅरेजांत बोअर वाढवणारे, हेड घासून कॉम्प्रेशन चढवणारे, कॅमचा आकार बदलणारे कसबी हात आहेत. पण त्या प्रत्येक अश्वशक्तीबरोबर उष्णता येते, बेअरिंगवरचा ताण येतो, पेट्रोलचा खप येतो आणि इंजिन मध्येच बसण्याची भीती येते. हवेचा अवरोध दहा टक्क्यांनी कमी केला तर कमाल वेगाला अडीच अश्वशक्ती वाचते आणि त्यासाठी इंजिनाचा एक स्क्रूही फिरवावा लागत नाही. कमाल वेग त्याने तीन-चार किलोमीटरनेच वाढेल, हे मान्य. घनाचा नियम इथे आपल्याच विरुद्ध काम करतो. तरी ज्या गाडीकडे मुळात चाळीसच अश्वशक्ती आहे तिला अडीच म्हणजे सहा टक्के, आणि सरळ रस्त्याच्या शेवटच्या टप्प्यात, जिथे गाडीचा जोर संपत आलेला असतो, तिथेच ती कामी येते. चारशे अश्वशक्तीच्या गाडीला अडीचचे काहीच वाटणार नाही. हवेच्या कामाचे मोल गरीब इंजिनाला जास्त, हे लहान गाड्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा विसरले जाते.

युरोपात ते विसरले गेले नाही याचे कारण एक विमानवाला. फ्रँक कॉस्टिन डी हॅविलँड या विमान कंपनीत काम करत होता. कॉलिन चॅपमनच्या लहानशा लोटस कंपनीसाठी त्याने गाडीचा देह आखायला घेतला आणि १९५६ मध्ये ‘लोटस इलेव्हन’ आली. इंजिन ११०० सीसीचे, म्हणजे आपल्या फियाटएवढेच. ताकद ऐंशी अश्वशक्तीच्या घरातली. त्याच वर्षी मोंझाच्या ट्रॅकवर स्टर्लिंग मॉसने या गाडीत ताशी सुमारे २३० किलोमीटरने फेरी मारली. पद्मिनीच्या आकाराला तेवढ्या वेगासाठी, फक्त हवेशी झगडायला, दीडशेहून जास्त अश्वशक्ती लागली असती. पुढच्या वर्षी, १९५७ मध्ये, ७५० सीसी गटातल्या इलेव्हनने ल मां इथे इंजिनाच्या आकाराच्या मानाने केलेल्या कामगिरीचा किताब जिंकला. कॉस्टिनच्या या गाडीला विंग नव्हती. त्याने गाडी बुटकी केली, चाके पत्र्याआड घेतली, चालकाच्या डोक्यामागे निमुळता फुगवटा दिला, म्हणजे डोक्याच्या मागे हवा गोंधळून न जाता हळूहळू मिटत जाईल. वाऱ्याला त्याने कामाला लावले नाही, फक्त त्याच्या वाटेतून गाडी काढून घेतली.

इलेव्हन शर्यतीसाठीच जन्मली होती, रोजच्या वापरातल्या गाडीचे काय, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर फियाटच्याच घराण्यात आहे. कार्लो अबार्थने फियाट ६००च्या सांगाड्यावर लहान शर्यती गाड्या केल्या आणि झागातो या कारागिरांनी त्यांचा पत्रा घडवला. छप्पर खाली आणले तर बसणाऱ्याचे डोके लागते. म्हणून झागातोने फक्त दोन डोक्यांपुरते दोन फुगवटे ठेवले आणि मधले छप्पर दाबून घेतले. त्याने समोरून दिसणारे क्षेत्रफळ कमी झाले. हे मला फार शहाणपणाचे वाटते, कारण अवरोधाच्या हिशेबात गुणांक आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार असतो. गुळगुळीतपणाच्या नादात लोक गुणांकाकडे पाहतात आणि क्षेत्रफळ विसरतात. अबार्थच्या ६००वर आधारलेल्या सेडान तर मागचे इंजिनाचे झाकण उघडे, टेकू देऊन वर उचललेले ठेवून पळत. इंजिन थंड राहावे म्हणून ते केलेले होते. पण उतरत्या पाठीवरून येणारी हवा त्या झाकणाने आडवी कापली जाई आणि गाडी वेगात स्थिर राहते असाही अनुभव त्यांच्या चालकांना आला.

आता पद्मिनीकडे परत येऊ आणि पत्रा न कापता काय करता येते ते पाहू. सर्वांत मोठी गळती तोंडाशीच असते. समोरच्या जाळीतून आत शिरलेल्या हवेपैकी पुष्कळशी रेडिएटरमधून जातच नाही. ती त्याच्या कडेने, वरून, खालून निसटते, इंजिनाच्या खोलीत घुटमळते आणि खाली रस्त्याच्या बाजूला कशीबशी बाहेर पडते. म्हणजे अवरोधाची ओढ तर सोसली, पण थंडावा मिळाला नाही. जाळीपासून रेडिएटरच्या चौकटीपर्यंत ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा नीट बंद बोगदा केला आणि फटींना रबर किंवा फोम लावला तर तेवढ्याच थंडाव्याला बरीच लहान जाळी पुरते. उरलेली जाळी आतून झाकून टाकता येते. सांगली-कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये जाळी झाकायची म्हणजे इंजिन शिजवायचे, ही भीती स्वाभाविक आहे, आणि बोगदा न करता नुसती जाळी झाकली तर ती खरी ठरेल. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी बोगदा, मग तापमानाचा काटा पाहत पाहत, थोडी थोडी झाकण. याशिवाय इथली हवा समुद्रकाठच्या मानाने विरळ असते. साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर ती सहा टक्क्यांच्या आसपास पातळ होते; अवरोध तेवढा कमी होतो, पण इंजिनाला मिळणारी हवा आणि रेडिएटरचा थंडावाही त्याच मापाने घटतो.

दुसरी जागा गाडीचे पोट. वरचा पत्रा पॉलिश करणारे लोक खाली वाकून पाहत नाहीत. तिथे चेंबर, सायलेन्सर, ॲक्सल, पट्ट्याच्या स्प्रिंगा, पेट्रोलची टाकी असा सगळा खडबडीत संसार लटकलेला असतो आणि जमिनीलगतची हवा त्या प्रत्येकावर आदळत जाते. पुढच्या बंपरपासून इंजिनाच्या मागेपर्यंत एक सपाट पत्रा खालून बोल्टने बसवला, तेल गळले तर दिसेल आणि साचणार नाही अशी भोके ठेवली, सायलेन्सरच्या बाजूला उष्णतेसाठी अंतर सोडले, की हा गोंधळ बराच शमतो. पुढच्या बंपरखाली दोन-तीन बोटे खाली उतरणारी पट्टी लावली तर मुळात कमी हवा पोटाखाली शिरते आणि पुढच्या चाकांवरचे उचलणेही घटते. मग आरसे, वायपर, दारांच्या फटी, हेडलाइटच्या कडा. एकेक गोष्ट क्षुल्लक वाटते. शर्यतीपुरते मोठे आरसे उतरवून नियमात बसणारे लहान लावणे आणि फटींवर चिकटपट्टी मारणे याला खर्चच नाही, आणि दहा टक्क्यांतला एखाद-दुसरा टक्का तिथेच दडलेला असतो.

मग विंगचे काय? वाढदिवसाच्या भेटीसारखी ती गाडीला बांधण्याची हौस सगळीकडे दिसते, म्हणून तिचा हिशेब मोकळेपणाने करायला हवा. सव्वा मीटर लांब आणि वीस सेंटिमीटर रुंद अशी साधी एकपाती विंग घ्या. ताशी ६०च्या वळणावर ती गाडी चार किलोहूनही कमी दाबते. तिचे स्वतःचे आणि तिच्या टेकूंचे वजनच तेवढे भरते. ताशी १२०ला ती पंधरा-सोळा किलो दाबेल, पण त्या वेगाला पद्मिनी सरळ रस्त्यावर असते, जिथे दाबाची गरज नसून सुटकेची असते. तिथे विंग फक्त ओढ वाढवते. विंगचा इतिहासही सावध करणारा आहे. मिखाएल मे या तरुण अभियंत्याने १९५६ मध्ये पोर्शे ५५०वर चालकाच्या डोक्यावर विंग बसवून न्यूरबुर्गरिंगला आणली, पण आयोजकांनी ती चालू दिली नाही. जिम हॉलच्या शापरालने १९६६ मध्ये उंच विंग यशस्वी करून दाखवली, दोन वर्षांत ती फॉर्म्युला वनमध्ये पसरली आणि १९६९च्या स्पॅनिश ग्राँ प्रीमध्ये लोटसच्या दोन्ही गाड्यांच्या उंच विंग मोडून भीषण अपघात झाले. लगेच पुढच्या, मोनॅकोच्या शर्यतीत उंच विंगवर बंदी आली. विंगवर येणारा जोर तिच्या टेकूतून गाडीत उतरतो. डिकीच्या पातळ पत्र्यात चार स्क्रू मारून बसवलेली विंग म्हणजे तो जोर कुठे जाणार हे कुणी पाहिलेलेच नाही.

यावर खरा आक्षेप इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांकडून येईल, आणि तो वजनदार आहे. फॉर्म्युला स्टुडंटच्या धर्तीवर महाविद्यालयीन मुले ज्या लहान गाड्या बांधतात, त्या ताशी पन्नास-साठच्या सरासरीने आवळ वळणांत फिरतात, तरी त्यांच्या पुढेमागे भल्यामोठ्या विंग असतात आणि त्यांनी फेरीचा वेळ खरोखर कमी होतो. मग साठाचा नियम कुठे गेला? उत्तर क्षेत्रफळात आणि वजनात आहे. त्या गाडीचे वजन अडीचशे किलोच्या आसपास, विंगांना तीन-तीन पाती, आणि सगळ्यांची मिळून दाब देणारी शक्ती वर सांगितलेल्या एकपाती विंगेच्या दहापटीहून जास्त. साठाला ती चाळीस-पन्नास किलो दाबू शकते, म्हणजे गाडीच्या वजनाचा पाचवा हिस्सा. शिवाय तिथे लांब सरळ रस्ताच नसतो, त्यामुळे ओढीची किंमत कमी पडते. जुन्या फियाटच्या पाठीवर तेवढा डोलारा उभा करता येत नाही, केला तर ती फियाट राहत नाही. नऊशे किलोच्या गाडीला मागे उचलणे थांबवणारी, डिकीच्या कडेला उभी असलेली इंच-दीड इंचाची पट्टी पुरते. छपरावरून घसरणारी हवा पाठ हलकी करते. उचलण्याचा गुणांक ०.३ धरला तर कमाल वेगाला पस्तीस-चाळीस किलो भार चाकांवरून उतरतो. ती पट्टी हा भार बराचसा परत देते आणि योग्य उंचीची असेल तर ओढही फारशी वाढवत नाही.

एकाच आसनाच्या, उघड्या चाकांच्या जुन्या गाड्यांचा प्रश्न थोडा निराळा. एस. करिवर्धन यांनी कोइमतूरला मारुती ८००च्या ७९६ सीसी इंजिनावर ज्या ‘फॉर्म्युला मारुती’ गाड्या १९८०च्या दशकाच्या अखेरीस बांधल्या, त्यांच्यात भारतातल्या कितीतरी चालकांनी सुरुवात केली, त्यांत नारायण कार्तिकेयनही होता. अशा गाडीत ओढीचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, उघड्या चाकांचा असतो. चाकाचा माथा गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे येतो आणि समोरच्या हवेला उलटी फेकतो. नियमांनी चाके झाकता येत नाहीत, पण पुढच्या नाकाचा आकार, सस्पेन्शनच्या गोल नळ्यांना थेंबाच्या आकाराचे वेष्टण, चालकाच्या हेल्मेटमागची पोकळी भरून काढणे, एवढे करता येते. तिथेही विंगच्या आधी हे.

जुन्या गाड्यांवर जीव असणारे एक आक्षेप नेहमी घेतात: हे सगळे करून गाडीचे मूळपण कशाला मोडायचे? मी त्यांच्या बाजूचा आहे. मुंबईची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून उतरली. उरलेल्या गाड्या दर वर्षी कमीच होणार आहेत, आणि त्यांपैकी एकीचेही छप्पर कापणे मला पाहवणार नाही. जगातल्या ऐतिहासिक शर्यतींचे नियमही गाडी तिच्या काळाच्या घडणीत ठेवायला सांगतात. पण रेडिएटरचा बोगदा, पोटाखालचा पत्रा, फटींचे रबर, यांतले काहीही कायमचे नाही. बोल्ट सोडले की गाडी होती तशी. इंजिनाचे सिलिंडर मोठे केले की ते सहजासहजी पुन्हा लहान होत नाहीत. मूळपण जपायचे असेल तर हवेचे काम इंजिनाच्या कामापेक्षा हळुवार आहे. छोट्या ट्रॅकचा आक्षेपही असाच तपासावा. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेची फेरी दोन किलोमीटरच्या थोडी पुढे. सरळ रस्ते आखूड. खरे आहे, तिथे कमाल वेग गाठलाच जात नाही. पण कमी ताकदीची गाडी ऐंशीपासून एकशेदहापर्यंत चढायला किती वेळ घेते यावर तिथली फेरी ठरते, आणि त्या चढणीत प्रत्येक सेकंदाला हवा आपला हिस्सा कापून घेत असते.

राहिला प्रश्न मोजण्याचा. वाऱ्याचा बोगदा नाही म्हणून हे काम शिराळ्याच्या किंवा इस्लामपूरच्या गॅरेजात होत नाही, हे मला पटत नाही. वापरात नसलेली सपाट धावपट्टी रीतसर परवानगीने मिळाली तर गाडी ११०पर्यंत न्यायची, न्यूट्रल करायची आणि १०५पासून ९५पर्यंत यायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. पद्मिनीला सुमारे पाच लागतील. मग ४५पासून ३५पर्यंत. तिथे तेरा लागतील. पहिला आकडा मुख्यतः हवेचा, दुसरा मुख्यतः टायरचा, त्यामुळे दोन्ही वेगळे काढता येतात. महामार्गावर हे चुकूनही करू नये. अवरोध दहा टक्क्यांनी घटला तरी पहिल्या आकड्यात जेमतेम अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो, म्हणून दोन्ही दिशांनी प्रत्येकी सहा-सात फेऱ्या, पहाटे वारा पडलेला असताना, टायरची हवा आणि टाकीतले पेट्रोल प्रत्येक वेळी सारखे. एका वेळी एकच बदल करायचा. आकड्यांच्या जोडीला लोकरीचे बोटभर तुकडे चिकटपट्टीने पत्र्यावर ओळीने लावायचे आणि शेजारून चालणाऱ्या गाडीतून त्यांचे चित्रीकरण करायचे. राजारामनगरच्या किंवा सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली मुले त्याच गाडीचा संगणकावरचा आकार करून ओपनफोमसारख्या फुकट प्रणालीत हवा सोडून पाहू शकतील आणि लोकरीचे चित्र शेजारी ठेवून आपले गणित तपासू शकतील. बॉनेटवर आणि छपरावर लोकर सरळ मागे पडलेली दिसेल. मागच्या काचेच्या खालच्या कडेला, जिथे काच संपून डिकी सुरू होते, तिथे ती गोल फिरायला लागेल. पहिली पट्टी किती उंच हवी याची चाचणी तिथपासून सुरू करावी.